पार्किन्सनमध्ये डबल दिसणं आणि तोल जाणं: अप्पांचं चालणं बंद करू नका, आधी हे बघा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. म्हणजे थोडक्यात असं की अप्पा ६८ वर्षांचे, आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबर म्हणून काम केलं, पार्किन्सनला ७ वर्षं झाली, हाताची थरथर गोळ्यांनी बऱ्यापैकी कंट्रोलमध्ये आहे पण वर्षभरात पेपर वाचताना अक्षरं डबल दिसायला लागली, चष्मा दोनदा बदलला तरी फरक नाही, डोळ्याचे डॉक्टर म्हणतात डोळे ठीक आहेत, दारात आले की पाय जमिनीला चिकटतात, बाथरूममध्ये दोनदा पडले, आणि आता संध्याकाळी म्हणतात कोपऱ्यात कुणीतरी बसलंय. आई चिडते, भाऊ म्हणतो आता त्यांचं बाहेर फिरणंच बंद करा. तुम्ही विचारलंय हे डोळ्याचं आहे की पार्किन्सनचं, आणि दाखवायचं कुणाला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोलापुरातच, न्यूरोचे पेशंट बघण्यातच माझी बरीच वर्षं गेलीत. गोळ्यांचा डोस ठरवणं हे न्यूरॉलॉजिस्टचं काम, त्यात मी हात घालणार नाही, पण त्यांना काय सांगायचं आणि काय विचारायचं ते सांगते. आणि घरात काय बदलायचं ते तर सांगतेच कारण पडणं थांबवायचं निम्मं काम घरातच होतं.

आधी मूळ गोष्ट, ती कळली की पुढचं सगळं कळेल. तुमच्या अप्पांचं डबल दिसणं, दारात अडकणं, पडणं आणि ते कोपऱ्यातलं माणूस, या चार वेगवेगळ्या तक्रारी नाहीत. आपण चालताना पाऊल कुठं टाकायचं, किती उचलायचं याचा विचार करत नाही, ते आपोआप होतं. मेंदूच्या आतल्या भागात डोपामिन, म्हणजे हालचालीचा निरोप पोचवणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या की हे आपोआपपण जातं. तुमच्या घरात माग सगळ्यांना माहीत आहे म्हणून तसंच सांगते, पॉवरलूमवर धोटा आपला आपण इकडून तिकडं पळतो, हातमागावर प्रत्येक वेळी दोरी ओढावी लागते, तसं अप्पांचं चालणं आता हातमागावर आलंय. प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकावं लागतं. आणि हे लक्ष ते देतात डोळ्याच्या भरवशावर, कारण तळपाय आणि सांधे मेंदूला जो अंदाज देतात की शरीर सरळ आहे की कललंय, तो अंदाजही या आजारात कच्चा होतो. म्हणून बघा, लाईट गेली किंवा अंधारात उठले की यांचा तोल लगेच जातो, उजेडात तोच माणूस बरा चालतो.

आता अडचण अशी की ज्या डोळ्यावर एवढा भार टाकलाय त्यालाही पार्किन्सनने सोडलेलं नसतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यात म्हणजे रेटिनातसुद्धा डोपामिनवर चालणाऱ्या पेशी असतात. त्या मंदावल्या की बारीक अक्षर दिसतं, पण फिक्या रंगावर फिका रंग वेगळा काढता येत नाही, याला कॉन्ट्रास्ट कमी होणं म्हणतात. शिवाय निळसर-हिरवट छटांतला फरक कमी कळतो, पायरी किती खोल आहे याचा अंदाज चुकतो. डोळ्याच्या डॉक्टरांकडे चार्ट कसा असतो, पांढऱ्या बोर्डावर काळीकुट्ट अक्षरं आणि मागून लाईट. तिथं अप्पांना शेवटची ओळसुद्धा वाचता येईल आणि रिपोर्ट येईल ६/६. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, त्यांनी जे तपासलं ते ठीकच आहे. फक्त कॉन्ट्रास्ट तपासायचा चार्ट वेगळा असतो, पेली-रॉबसन नावाचा, त्यात अक्षरं सगळी एकाच साईझची आणि खाली खाली फिकी होत जातात, तो लावा असं मुद्दाम म्हणावं लागतं.

घरी बघायचं असेल तर जेवताना बघा. स्टीलच्या ताटात पांढरा भात, वर ताक, बाजूला ज्वारीची भाकरी आणि शेंगा चटणी, अशा ताटात कितीतरी पेशंट चटणी बरोबर बोटाने उचलतात, भाकरी हाताला लागते म्हणून खातात, आणि भाताचा एका बाजूचा ढीग तसाच राहतो. घरचे म्हणतात भूक मेली. भूक असते, भात दिसत नसतो. एका आजींना मी त्यांच्या सुनेला सांगून गडद हिरव्या रंगाच्या प्लास्टिकच्या ताटात वाढायला लावलं, त्याच दिवशी ताट साफ. ताक स्टीलच्या ग्लासात देऊ नका, रंगीत ग्लासात द्या, सांडणंही कमी होतं. ही गोष्ट बारीक वाटते पण मी ती आधी सांगते कारण घरच्यांना यातून पटतं की माणूस हट्ट करत नाहीये, त्याला खरंच दिसत नाहीये.

आता डबल दिसण्याचं. याची एक साधी तपासणी घरी करा. अप्पांना पेपर हातात द्या, डबल दिसायला लागलं की एक डोळा तळहाताने झाकायला सांगा, मग दुसरा. एक डोळा झाकल्यावर अक्षर एकेरी होत असेल तर दोन डोळ्यांचा मेळ बसत नाहीये असा अर्थ. एकाच डोळ्यानेही डबल, पसरट दिसत असेल तर मग मोतीबिंदू, कोरडा डोळा, चष्म्याचा नंबर अशी कारणं शोधायची. पार्किन्सनमध्ये पहिला प्रकार खूप दिसतो. जवळचं वाचताना दोन्ही डोळे नाकाकडे थोडे वळावे लागतात, ते वळणं कमी पडतं, म्हणून लांबचं टीव्हीवरचं नीट दिसतं आणि पेपर डबल. याला नुसता नंबर बदलून काही होत नाही, दुकानात जाऊन तिसरा चष्मा करू नका. याच्यासाठी चष्म्यात प्रिझम, म्हणजे दोन प्रतिमा एकावर एक आणणारी काच, घालतात, आणि ते किती घालायचं हे मोजायला ऑर्थोप्टिक म्हणजे दोन डोळ्यांच्या मेळाची तपासणी करणारी व्यक्ती लागते. काहींना पेन्सिल लांबून नाकाजवळ आणत दोन्ही डोळ्यांनी बघायचा व्यायाम उपयोगी पडतो, काहींना नाही पडत. वाचण्यापुरता एक डोळा झाकला तरी चालतं, पण एक डोळा झाकून चालू देऊ नका, खोलीचा अंदाज जो थोडाफार उरलाय तोही जाईल.

ओळी चुकतात, एकच ओळ पुन्हा वाचतात, हे वेगळं आहे. डोळे एका शब्दावरून पुढच्यावर उडी मारतात ती उडी या आजारात तोकडी पडते, डोळा अलीकडेच थांबतो. काळ्या कार्डपेपरला एका ओळीएवढी खिडकी कापा आणि पेपरवर ती सरकवत वाचायला सांगा, किंवा ओळीखाली पट्टी धरा. साधं आहे, पण पेपर वाचायची सवय असलेल्या माणसाला तो परत मिळणं हे मला तरी लहान वाटत नाही.

आणि पापण्या मिटणं. आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो, पार्किन्सनमध्ये हे फार कमी होतं. त्यामुळे डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, आणि गंमत अशी की कोरड्या डोळ्यातूनच पाणी जास्त येतं म्हणून लोकांना वाटतं कोरडा कसा असेल. त्यात आपलं सोलापूर, मार्च ते जून ऊन, धूळ, आणि वर पंखा नाहीतर कूलर थेट तोंडावर. पंख्याची दिशा बदला, डॉक्टरांना विचारून डोळे ओले ठेवणारे थेंब सुरू करा, सकाळी कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ कापड मिटलेल्या पापण्यांवर ५ मिनिटं ठेवा. वाचताना दर पानाला चार-पाचदा मुद्दाम डोळे मिटायला सांगा. धूसर दिसण्याचा बराच भाग एवढ्यानेच कमी झालेला मी बघितलाय.

मोतीबिंदू असेल तर पार्किन्सन आहे म्हणून ऑपरेशन टाळू नका. डोळ्यावर ज्यांचा सगळा तोल आहे त्यांना ते जास्तच गरजेचं. फक्त ऑपरेशनच्या दिवशी पार्किन्सनच्या गोळ्या वेळेवर मिळायला हव्यात आणि मान-हात किती हलतात हे सर्जनला आधी सांगायचं.

चष्म्याचं अजून एक, आणि हे खूप महत्त्वाचं आहे. तुम्ही लिहिलंय की अप्पांना खालच्या काचेत वाचायचा नंबर असलेला चष्मा आहे. म्हणजे बायफोकल. प्रोग्रेसिव्हचंही तसंच. तो घालून पायरी उतरताना नजर खालच्या काचेतून जाते, ती काच फूट-दीड फुटावरचं दिसावं म्हणून केलेली, पायाजवळचं सगळं धूसर. चालायला वेगळा फक्त लांबच्या नंबरचा चष्मा करा आणि वाचायला वेगळा. दोन फ्रेम वेगवेगळ्या रंगाच्या घ्या म्हणजे घोळ होणार नाही. खर्च होतो थोडा, पण खुब्याचं हाड मोडलं तर पुढं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता दारातलं अडकणं. याला फ्रीझिंग म्हणतात, पाय चिकटले असं पेशंट स्वतः म्हणतात ते अगदी बरोबर वर्णन आहे. दार, अरुंद बोळ, वळण, गर्दी, घाई, फोन वाजला, कुणी हाक मारली, अशा वेळी होतं. आपल्याकडची जुनी घरं बघा, शहाबादी फरशी, सगळीकडे एकच करडा रंग, वर उंबरा तोही त्याच दगडाचा, मग आत काळोख. कॉन्ट्रास्ट कमी असलेल्या माणसाला तिथं उंबरा आहे की नाही हेच कळत नाही. आणि पाणी रोज येत नाही म्हणून पॅसेजमध्ये ड्रम, बाथरूमच्या तोंडाशी घागरी आणि बादल्या, चालायला राहते वीतभर जागा. ताई, ड्रम काढता येणार नाहीत मला माहीत आहे, पण एकाच भिंतीला लावा, अप्पांच्या पलंगापासून संडासापर्यंतची वाट तरी दोन माणसं शेजारून जातील एवढी मोकळी करा.

मग त्या वाटेवर, अडकतात त्या दाराच्या अलीकडे-पलीकडे, आडव्या पट्ट्या मारा. गाडीच्या नंबरप्लेट करतात त्या रेडियमच्या दुकानात पिवळी किंवा पांढरी चिकटपट्टी मिळते, दोन बोटं रुंद, अप्पांच्या एका चांगल्या पावलाएवढ्या अंतरावर, साधारण दीड फूट, पाच-सहा पट्ट्या. चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, उभ्या नाही. अप्पांना सांगायचं पट्टी ओलांडा. जो माणूस दारात थरथरत उभा होता तो पट्ट्या ओलांडत सरळ निघून जातो, बघणाऱ्याला विश्वास बसत नाही आणि शेजारी म्हणतात नाटक करत होते. नाटक नाही, आपोआप चालायचा रस्ता बंद झाला म्हणून मेंदू डोळ्याच्या रस्त्याने काम करून घेतो, एवढंच. उंबऱ्याच्या आणि प्रत्येक पायरीच्या कडेलाही हीच पट्टी लावा. मात्र दाराशी ठिपक्याची रांगोळी, नक्षीचं पायपुसणं, फुलाफुलाची सतरंजी असं काही नको, त्याने उलटं होतं, नक्षी त्यांना खड्डा किंवा वस्तू वाटते आणि पाय अडकतो, शिवाय पायपुसणं घसरतं ते वेगळंच.

ज्यांना पट्टी जमत नाही त्यांना ताल जमतो. टाळ्या, मोबाईलवरचं मेट्रोनोम म्हणजे एकसारखी टिकटिक देणारं ॲप, एक-दोन-एक-दोन, काहीही. तालाचा वेग त्यांच्या नेहमीच्या चालीएवढाच ठेवा, उगाच जोरात नको. आमच्याकडे एक काका येतात, त्यांना इंग्रजी ॲपच्या टिकटिकीचा काही उपयोग झाला नाही, पण लहानपणापासून सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजामागं चाललेले, ते मनातल्या मनात 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हणतात आणि हर्रवर पाऊल टाकतात, दार पार. अप्पांनी इतकी वर्षं मागाचा खडखडाट ऐकलाय, त्याचं रेकॉर्डिंग लावून बघा, मला खरंच वाटतं ते चालेल.

अडकले की घरच्यांनी काय करायचं नाही ते नीट ऐका: हात धरून पुढं ओढायचं नाही. वरचं शरीर पुढं येतं, पाय मागंच राहतात, आणि तोंडावर पडतात. चला चला म्हणून घाई करायची नाही. शेजारी उभं राहा, थांबा म्हणा, ताठ उभं राहू द्या, एक श्वास, मग वजन डाव्या पायावर, उजव्या पायावर, असं दोन-तीनदा डोलायचं आणि मग एक मोठं पाऊल. वळायचं असेल तर जागच्या जागी गर्रकन वळायचं नाही, बरंचसं पडणं वळताना होतं. मोकळ्या जागेत मोठा अर्धगोल घेत वळायचं, स्वयंपाकघरात ओट्याजवळ जागा नसेल तर घड्याळाच्या काट्यासारखं एकेक पाऊल उचलून टाकत. आणि चालताना हातात चहाचा कप नको, खिशातले पैसे मोजणं नको, तुम्ही मागून प्रश्न विचारणंही नको. एका वेळी एकच काम.

वॉकरबद्दल तुम्ही विचारलं नाही पण कुणीतरी आणून देईलच म्हणून सांगते. उचलून पुढं ठेवायचा साधा वॉकर फ्रीझिंगच्या पेशंटला बऱ्याचदा आणखी अडकवतो, आणि चाकं असलेला ब्रेक नसेल तर पळतो. आधी फिजिओकडे वापरून बघा मग विकत घ्या.

बाथरूममध्ये दोनदा पडले म्हणता, कितीला पडले? मला खात्री आहे एकदा तरी रात्री किंवा पहाटे उठल्यावर असणार. पार्किन्सनमध्ये उभं राहिल्यावर बीपी खाली जातं, आजारामुळेही आणि गोळ्यांमुळेही. डोळ्यापुढं अंधारी, धूसर दिसणं, मान-खांद्यात दुखणं, ही त्याची लक्षणं, आणि लोक त्यालाही डोळ्याचा प्रॉब्लेम समजतात. घरी बीपीचं मशीन असेल तर ५ मिनिटं झोपवून बीपी घ्या, उभं केल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी परत घ्या. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरत असेल तर आकडे लिहून न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. बीपीची गोळी, प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर तेही सांगा, त्यानेही बीपी पडतं. तोपर्यंत उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं, उभं राहून दहा आकडे मोजायचे, मग चालायचं. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका, लघवीला जावं लागतं म्हणून ही माणसं पाणीच पीत नाहीत.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट आणि ही मी सगळ्यांना ओरडून सांगते. चक्कर येते म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी आणू नका. चक्करवर सर्रास दिल्या जाणाऱ्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, आणि उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड, या गोळ्या डोपामिनचं काम अडवतात. पार्किन्सन वाढतो, चालणं अजून बिघडतं, आणि बरे असलेल्या म्हाताऱ्या माणसालाही यांनी पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, आयुर्वेदिकची सुद्धा.

बाथरूममध्ये पांढऱ्या टाईल्स, पांढरा कमोड असेल तर कमोडचं सीट गडद रंगाचं बसवा. बसताना मागं बघत बघत बसायचं नाही, वळून उभं राहायचं, दोन्ही पोटऱ्या कमोडला टेकल्या की मगच बसायचं. भिंतीत पक्का स्टीलचा दांडा, टॉवेलचा दांडा नव्हे तो हातात येतो. कडी आतून लावायची नाही. वाटेवर माणूस हलला की लागणारे छोटे सेन्सर लाईट लावा, झिरोच्या बल्बने काम होत नाही, त्याने सावल्या तयार होतात. घरात रबरी स्लिपर फरपटत चालण्यापेक्षा मागं पट्टा असलेली चप्पल बरी.

सावल्यांवरून कोपऱ्यातल्या माणसाकडे येते. ताई, घाबरू नका आणि आईंना सांगा की अप्पांना वेड लागलेलं नाही, कुणी काही केलेलं नाही, बाहेरचं काही नाही. कमी उजेडात डोळ्याकडून अर्धवट माहिती जाते, मेंदू उरलेलं स्वतः भरतो. तुमच्याकडे खुर्चीवर चादरीचा गठ्ठा पडलेला असतो का संध्याकाळी? सोलापुरी चादर, गडद रंग, मोठी नक्षी, चुरगळून ठेवलेली, त्यात चेहरा दिसणं हे या आजारात अगदी नेहमीचं आहे. कोपऱ्यातल्या चादरी कपाटात ठेवा, दिवे लागणीच्या आधीच खोलीत भरपूर उजेड करा, आरशावर पडदा टाका. वाद घालू नका की कुणी नाहीये म्हणून, आणि हो हो आहे असंही म्हणू नका, मला दिसत नाही पण तुम्हाला दिसतंय का, चला जवळ जाऊन हात लावून बघू, असं म्हणा. जवळ गेल्यावर बहुतेक वेळा जातं.

पण डॉक्टरांना हे सांगायचंच, लपवायचं नाही. अचानक वाढलं तर आधी लघवीचं इन्फेक्शन, ताप, पाणी कमी होणं, नवी गोळी हे बघतात. पार्किन्सनच्या काही गोळ्यांनी भास वाढतात, प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल, अमँटाडीन आणि खास करून जुनी ट्रायहेक्सीफेनिडिल. ही शेवटची थरथरीसाठी अजूनही बऱ्याच जुन्या चिठ्ठ्यांवर सापडते, तिने जवळचं धूसर दिसतं, विसरायला होतं, लघवी अडते, आणि डोळ्याचा अँगल अरुंद असेल तर काचबिंदूचा झटका येऊ शकतो. तुमच्या चिठ्ठीत असेल तर विचारा, स्वतः बंद करू नका. कुठलीच पार्किन्सनची गोळी एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतू शकतं. आणि भासांसाठी कुणी हॅलोपेरिडॉल लिहून दिलं तर पार्किन्सन आहे हे त्यांना ठळक सांगा, तिने चालणं थांबतं, याच्यासाठी वेगळी औषधं असतात.

दाखवायचं कुणाला, तर आधी न्यूरॉलॉजिस्ट, मग त्यांची चिठ्ठी घेऊन डोळ्याचे डॉक्टर. नुसतं डोळे तपासा म्हणू नका, पार्किन्सन आहे, जवळचं डबल दिसतं, दोन डोळ्यांचा मेळ, कॉन्ट्रास्ट आणि कोरडेपणा तपासा असं म्हणा. सिव्हिलला डोळ्यांची ओपीडी आहे. प्रिझमचं इथं जमलं नाही तर आपल्याला हैदराबाद जवळ आहे, तिथल्या एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये लो-व्हिजनचा, म्हणजे नजर कमी असलेल्यांसाठीचा, वेगळा विभाग आहे. जाताना एक वही न्या: गोळी किती वाजता घेतली, कितीला चांगलं चालले, कितीला अडकले, कितीला पडले, कितीला डबल दिसलं, भास कधी झाला. गोळीचा असर उतरल्यावर चालणं आणि दिसणं दोन्ही बिघडत असेल तर ते त्या वहीतच दिसतं, आणि डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली की बऱ्याचदा सुटतं. लेव्होडोपाची गोळी, म्हणजे पार्किन्सनची मुख्य गोळी, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, डाळ-दूध-अंडं याच्याबरोबर घेतली की कमी लागू पडते, एवढं साधं कारणही असू शकतं.

एक वेगळी गोष्ट फक्त नोंदवून ठेवते, इतर वाचणाऱ्यांसाठी. आजार सुरू होऊन पहिल्या वर्षातच वारंवार मागच्या मागं पडत असतील आणि नजर खाली नेताच येत नसेल तर तो पार्किन्सनसारखा दिसणारा दुसरा आजार असू शकतो, न्यूरॉलॉजिस्टला स्पष्ट विचारा. अप्पांना ७ वर्षं झालीत, त्यांच्याबाबतीत मला तसं वाटत नाही.

आता भावाच्या म्हणण्याकडे. फिरणं बंद करणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे. बसून राहिलेल्या माणसाचे पाय महिन्या-दोन महिन्यात बारीक होतात आणि मग पलंगावरून उठतानाही पडतो. २०१२ साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये पार्किन्सनच्या १९५ पेशंटवर अभ्यास झाला, ताई ची नावाचा संथ व्यायाम आठवड्यात दोनदा, २४ आठवडे, त्यांचा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. ताई ची शिकवणारं आपल्याकडे सापडणार नाही म्हणून अडायचं कारण नाही, त्यातलं मुख्य काम म्हणजे वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेणं, ते ओट्याला हात टेकून होतं. दोन्ही हात ओट्यावर, वजन डावीकडं, उजवीकडं, मग टाचा उचलणं, मग एक पाऊल मागं टाकून परत येणं, मग बाजूला मोठी पावलं. गोळी घेतल्यावर पाऊण तास-तासाने, जेव्हा अंग मोकळं असतं तेव्हा, मागं खुर्ची आणि शेजारी माणूस ठेवून. सुरुवात मात्र फिजिओला एकदा दाखवून करा, कारण किती झेपेल ते बघावं लागतं.

बाहेर नेताना गड्ड्याच्या गर्दीत नको, संध्याकाळी नव्या पेठेत नको. सकाळी ऊन यायच्या आत, पण उजाडल्यावर, होम मैदानाला न्या, मोकळं आहे, सपाट आहे. तुम्ही त्यांच्या शेजारी थोडं मागं चाला, हात धरायचा नाही, गरज लागली तर कमरेच्या पट्ट्याला धरता येईल एवढ्या अंतरावर. नजर पायाकडे नाही, पाच-सहा पावलं पुढं. स्कूटी मात्र आजच बंद, ते म्हणतील गल्लीपुरती चालवतो, गल्लीपुरतीसुद्धा नाही, खोलीचा अंदाज आणि बाजूने येणारी रिक्षा दोन्ही त्यांना उशिरा कळतं.

अचानक डबल दिसायला लागलं, एका डोळ्याची नजर अचानक गेली, डोळा लाल होऊन खूप दुखतोय आणि उलटी होतेय, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, किंवा पडून डोक्याला लागलं आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तर वही-बिही काही नाही, त्याच क्षणी दवाखाना, रात्र असली तरी.

आणि आईंसाठी, त्या एकट्या हे सगळं बघतायत असं तुमच्या लिहिण्यातून दिसतंय. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट आणि घरचे दोघांसाठी, सगळं मराठीत, त्यांच्याशी बोलून घ्या. दुपारी दोन तास भावाला अप्पांजवळ बसवा आणि आईंना झोपू द्या, रात्री अप्पा उठतात तेव्हा त्यांचीही झोप मोडते, आणि झोप नसलेलं माणूस आधार द्यायला उठलं की दोघंही पडतात. पट्ट्या लावून झाल्या की पंधरा दिवसांनी दारातलं अडकणं किती कमी झालं ते लिहा, फरक नसेल तर अंतर बदलून बघू.